आधी गळती, मग रंगरंगोटी : एका जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचा खरा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत लाकडाचा तो तुकडा तुम्ही बघितला असेल. बोटाने दाबला आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटून पडला. व्हिडिओ बारा मिनिटांचा होता, त्यात पूर्ण गोष्ट मावली नाही. म्हणून ती इथे लिहितोय, आकड्यांसकट. वही-पेन घेऊन बसा. डॉलरचे रुपये करत बसू नका, आकड्यांचं एकमेकांशी प्रमाण काय आहे ते बघा.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो, कलामाझूच्या जवळ. वय ४३. आयटीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, नवीन काम मिळेना. घरात बायको, दोन मुलं आणि घराचा हप्ता. बायकोची नोकरी चालू होती म्हणून चूल पेटत होती. पण माणूस रिकामा बसला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याने ठरवलं, जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा, स्वतः दुरुस्त करायचा आणि विकायचा. "दादा, घ्यायचा तीन हजारांत, विकायचा नऊ हजारांत. सहा हजार सुटले!"

असं गणित ऐकलं की मला नेहमी धडकी भरते. कारण त्यात दोनच आकडे असतात.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन नसलेलं, चाकांवरचं छोटं घर. पिकअप किंवा मोठ्या गाडीच्या मागे जोडायचं आणि निघायचं. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, सगळं. अमेरिकेत हा धंदा प्रचंड मोठा आहे आणि त्याचं माहेरघर म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. माझ्या भावाच्या घरापासून ते साधारण तासाभराच्या अंतरावर. कारखान्यांतून उरलेला माल, म्हणजे खिडक्या, दारं, पट्ट्या, नळ, स्वस्तात विकणारी दुकानं तिथे आहेत. भावाला वाटलं, कच्चा माल दाराशी आहे, मग काय अडचण?

बांधणीचे ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला, ओहायो राज्यातल्या जॅक्सन सेंटरला बनणारे चकचकीत एअरस्ट्रीम. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून बनवलेलं विमानासारखं कवच. दुसरा, फायबरग्लास, फोम आणि पातळ प्लाय एकत्र चिकटवून केलेल्या गुळगुळीत भिंतींचे ट्रेलर. यांच्यात पाणी शिरलं की थर सुटतात आणि भिंतीला फुगवटा येतो. तो नीट करणं फार जिकिरीचं. तिसरा आणि सगळ्यात साधा प्रकार, आत लाकडाचा सांगाडा आणि बाहेर ॲल्युमिनियमचा पन्हळी पत्रा. घरी दुरुस्त करायला हा बरा, कारण पत्रा काढता येतो, कुजलेलं लाकूड बदलता येतं आणि तोच पत्रा परत लावता येतो.

भावाने तिसऱ्या प्रकारातला घेतला. १९९१ चा, २१ फुटी, दोन ॲक्सलचा. किंमत ३,२०० डॉलर. आतून पांढराशुभ्र रंग, नवीन गाद्या, खिडक्यांना छान पडदे. मार्चमध्ये त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवला. मी पण म्हणालो, "वा! झकास आहे."

इथे थांबा. तीस वर्षं जुन्या ट्रेलरला आतून ताजा पांढरा रंग कोणी आणि का दिला, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

माझी चूक

मे महिन्यात फोन आला. "दादा, पाऊस झाला की पुढच्या खिडकीखाली ओल येते." मी ट्रेनिंगमध्ये येण्याआधी अकरा वर्षं सांगलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलंय. त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज. मी बसल्या जागेवरून सल्ला दिला, "सिलिकॉन मार. खिडकीच्या चारी बाजूंनी भरून टाक." त्याने दोन संध्याकाळी घालवून मारलं.

जूनमध्ये मी सुट्टीला तिकडे गेलो. चौथ्या दिवशी पाऊस झाला आणि ओल तिथेच!

मग दोन गोष्टी कळल्या. एक, पाणी खिडकीतून येतच नव्हतं. दोन, ट्रेलरच्या जोडांवर सिलिकॉन लावणं ही चूक आहे. सिलिकॉन निघता निघत नाही आणि त्याचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. माझ्या दोन मिनिटांच्या सल्ल्याचं सिलिकॉन खरवडायला त्याला पुढे नऊ तास लागले. नऊ तास! फुकट सल्ला किती महाग पडतो बघा.

गळती शोधायची कशी?

या ट्रेलरमध्ये छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी असते. पट्टीखाली पुट्टीसारखी चिकट टेप आणि पट्टीतून आरपार लाकडात मारलेले स्क्रू. वर्षानुवर्षं उन्हाने आणि थंडीने टेप वाळते. ट्रेलर रस्त्यावर पळतो तेव्हा सगळा सांगाडा हादरत असतो, त्यामुळे स्क्रू ढिले होतात. मग पाणी स्क्रूच्या भोकातून आत शिरतं, लाकडाच्या आतून खाली उतरतं आणि भलतीकडेच बाहेर दिसतं. डाग खिडकीखाली, भोक छताच्या कोपऱ्यात!

तिथल्या लोकांची शोधायची एक पद्धत मला फार आवडली. छताच्या झरोक्यात पंखा बसवायचा, बाजूच्या फटी टेपने बंद करायच्या आणि बाहेरची हवा आत ढकलायची. दारं-खिडक्या बंद. मग बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे येतात. आपला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून जे करतो, तेच. पुढच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या पट्टीवर बुडबुड्यांची रांग लागली. खिडकीला एकही नाही.

मग वीस-पंचवीस डॉलरचा मॉइश्चर मीटर आणला. हे लाकडातली ओल टक्क्यांत सांगणारं यंत्र. चांगल्या कोरड्या लाकडात आकडा साधारण दहा-बारा येतो. वीसच्या पुढे गेला की सावध व्हायचं. त्या कोपऱ्यात मीटर ३४ दाखवत होता. रंग वरून पांढराशुभ्र.

आतला पॅनल काढला आणि व्हिडिओतला तो तुकडा हातात आला. वरच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत सांगाडा कुजलेला, खालचा प्लाय पाव बाजूने गेलेला, काचलोकर काळी पडलेली, बुरशीचा वास. विकणाऱ्याने कुजलेल्या भागावर नवीन पातळ पॅनल ठोकून रंग मारला होता.

खरा निर्णय त्या रात्री झाला

जेवणानंतर भाऊ अंगणात बसला होता. म्हणाला, "दादा, खरं सांगू का? पॅनल परत लावतो, वरून पट्टीला सीलंट मारतो आणि साडेसहाला विकून टाकतो. मला जमणार नाही हे सगळं. बँकेत फार उरलं नाहीये."

मी गप्प बसलो. कारण धंद्याच्या दृष्टीने मोह होता. चार दिवसांत ३,३०० सुटणार होते. त्याची बायको भांडी आवरून बाहेर आली. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "आपल्याला ज्याने विकला त्याने हेच केलं ना? रोज त्याला शिव्या घालतोस. उद्या आपल्याला कोणीतरी घालेल. आणि त्यात कोणाची तरी पोरं झोपणार आहेत."

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पत्र्याचे स्क्रू काढत होता.

कामाचा क्रम : हा वहीत लिहून घ्या

बहुतेक लोक आधी गाद्या, पडदे, रंग करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. क्रम बरोबर उलटा हवा.

१. कागद आणि सांगाडा. मालकीचा कागद, ज्याला तिथे टायटल म्हणतात, त्यावरचा नंबर आणि ट्रेलरवरचा नंबर जुळतो का? नंतर खाली आडवं होऊन लोखंडी चॅसी बघायची. गंज वरवरचा आहे की पत्रा सोलून निघतोय? चॅसी गेली असेल तर ट्रेलर सोडून द्यायचा.

२. पाणी थांबवणं. वरच्या पट्ट्या पूर्ण काढल्या. जुनी टेप खरवडली. जागा साफ करून ब्यूटिल टेप लावली, पट्टी बसवली, स्क्रू आवळले. टेप दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आली की समजायचं, जोड भरला. जास्तीची टेप कापून टाकायची. छतावरच्या झरोक्यांभोवती आपोआप सपाट पसरणारं सीलंट. उभ्या जोडांना न ओघळणारं, वेगळं. दोन्ही ट्रेलरसाठीच बनवलेली असतात.

३. लाकूड. तोंडावर चांगला मास्क, हातात मोजे, कारण बुरशी फुप्फुसात जाते. पत्रा काढताना प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकला आणि फोटो काढला. छताला आतून टेकू दिल्याशिवाय भिंतीचं लाकूड काढायचं नाही आणि एका वेळी एकच भिंत उघडायची. सगळं एकदम उघडलं तर मूळ आकारच हरवतो. कुज जिथे संपलेली दिसते तिथून पुढे पक्कं लाकूड लागेपर्यंत कापत जायचं.

४. चाकं. टायरची नक्षी नवीकोरी होती. पण टायरच्या बाजूला एक कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. त्यावर २४०९ होतं, म्हणजे २००९ सालचा चोविसावा आठवडा. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं. भर रस्त्यात फुटलं तर टायरसोबत ट्रेलरची बाजू फाटते. चारही बदलले. सोबत बेअरिंगला नवीन ग्रीस आणि इलेक्ट्रिक ब्रेकची दुरुस्ती. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा एक स्विच असतो, तो चालतो का तेही तपासलं.

५. पाण्याच्या लाईनी. आत करड्या रंगाचे पॉलिब्यूटिलीनचे पाईप होते. अमेरिकेत १९७८ ते १९९५ च्या दरम्यान हे सर्रास वापरले गेले आणि पुढे गळण्यासाठी बदनाम झाले. सगळे काढून पेक्स पाईप टाकले.

६. वीज. इथे आम्ही थोडक्यात वाचलो. ट्रेलरला वीज देण्यासाठी भावाने गॅरेजच्या भिंतीवर ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. मी सवयीने मीटर लावला. २४० व्होल्ट! आपल्याकडे २४० बघून काही वाटत नाही, पण तिथल्या ट्रेलरचं ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. ३० अँपिअर म्हटल्यावर वायरमनने कपडे वाळवायच्या मशीनला देतात तशी जोडणी केली होती. ही चूक तिथे बऱ्याच ठिकाणी होते. आम्ही ट्रेलर जोडला असता तर कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, एसी सगळं जळालं असतं. दहा डॉलरच्या मीटरने हजारभर डॉलर वाचवले.

७. गॅस. साबणाच्या पाण्याने आम्ही जोड तपासले, पण दाबाची चाचणी आणि रेग्युलेटर माहितगार माणसाकडून करून घेतलं. पैसे दिले, पावती घेतली. गॅस ओळखणाऱ्या अलार्मची मुदत कधीच संपली होती. तो बदलला आणि खाली, जमिनीजवळ लावला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा. या कामात हात आखडता घ्यायचा नाही.

८. आणि मग इन्सुलेशन, पॅनल, रंग, गाद्या, पडदे.

वजन : न दिसणारी मर्यादा

भावाच्या बायकोला आत टाइल्स हव्या होत्या. छान दिसल्या असत्या. पण प्रत्येक ट्रेलरला भरल्या वजनाची मर्यादा असते, ती पाटीवर लिहिलेली असते. याची होती ५,५०० पाउंड, म्हणजे अंदाजे अडीच हजार किलो. काम झाल्यावर हायवेवरच्या ट्रकच्या काट्यावर वजन केलं, ४,१२० भरलं. उरले १,३८०. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पाउंड तिथेच गेले. मग माणसांचं सामान, भांडी, गॅसच्या टाक्या, बॅटरी. टाइल्स लावल्या असत्या तर गिऱ्हाईकाला सामान ठेवायला वजनच शिल्लक राहिलं नसतं. म्हणून हलकं व्हिनाईल टाकलं.

सामान कुठे ठेवायचं यालाही नियम आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, गाडीच्या हुकवर यायला हवा. मागे जास्त भरलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. ज्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे जास्त भरलेली बघितली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हिवाळ्याची परीक्षा

सगळं संपायला सप्टेंबर उजाडला. तोवर फिरायचा सीझन संपत आला होता. जुन्या ट्रेलरला गिऱ्हाईक असतं ते वसंत ऋतूत. घाईत ऑक्टोबरमध्ये विकला असता तर भाव पडला असता. म्हणून थांबला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी गोठतं आणि पाईप फुटतात. त्यामुळे टाक्या रिकाम्या करून लाईनींमध्ये गुलाबी रंगाचं, ट्रेलरसाठीचं अँटीफ्रीझ भरलं.

या थांबण्याचा एक फायदा झाला. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर त्याने मीटर लावला. पुढचा उजवा कोपरा, ११ टक्के. त्याने मला फोटो पाठवला, खाली एकच शब्द, "कोरडा!"

आता हिशेब

ट्रेलर : ३,२०० डॉलर
लाकूड, प्लाय, स्क्रू, गोंद : ७४०
टेप, सीलंट, पट्ट्या, छताचं कोटिंग : ६१०
इन्सुलेशन, पॅनल, व्हिनाईल, रंग : ५२०
बॅटरी, कन्व्हर्टर, दिवे : ४८०
चार टायर : ३८०
पाण्याच्या लाईनी, पंप, नळ : ३१०
बेअरिंग, ब्रेक : २९०
गॅसचं काम आणि अलार्म : २७०
कागदपत्रं, वजनकाटा, किरकोळ : २००

साहित्याचे ३,८००, ट्रेलरचे ३,२००. एकूण ७,०००.

विकला कितीला? जाहिरातीत १०,००० मागितले. भावाने कामाचे सगळे फोटो एका फाईलमध्ये लावले होते, कुजलेल्या लाकडाचे सुद्धा. पहिलं गिऱ्हाईक ते फोटो बघून निघून गेलं. भावाचा चेहरा उतरला. फोनवर म्हणाला, "ते फोटो काढून टाकू का?" मी म्हणालो, "तुझ्या बायकोला विचार." त्याने विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. दहा दिवसांनी एक तरुण जोडपं आलं, कडेवर बाळ. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, कोपऱ्यात स्वतः मीटर लावला, चारशेची घासाघीस केली आणि ९,६०० ला घेतला.

म्हणजे उरले २,६००. टाळ्या?

थांबा. मी त्याला पहिल्या दिवसापासून वहीत तास लिहायला लावले होते. ३२५ तास भरले. २,६०० भागिले ३२५, ताशी ८ डॉलर. मिशिगनमधलं कायद्याने ठरलेलं किमान वेतनही याहून जास्त आहे.

आम्ही व्हिडिओ कॉलवर हा हिशेब करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि माझे तास?"

तिने नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी रंग दिला होता, पॅनल धरले होते, गाद्यांची कव्हरं शिवली होती, एल्कहार्टच्या चकरा मारल्या होत्या. तिचे ७५ तास वहीत नव्हतेच. धरले तर एकूण ४०० तास. ताशी साडेसहा डॉलर.

मित्रांनो, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्या किती दुकानांच्या, वर्कशॉपच्या, खाणावळींच्या हिशेबात बायकोचे, आईचे, धाकट्या भावाचे तास लिहिलेले असतात? आपण म्हणतो, "घरचंच माणूस आहे." घरचं माणूस आहे म्हणून पगार नसेल, पण तास तर आहेत ना? ते धरले नाहीत तर धंदा नफ्यात आहे की घरचे लोक त्याला पोसतायत, हे कळणार कसं?

मग हा धंदा चुकीचा का?

नाही. पहिला ट्रेलर शिकण्याचा होता. नीट बघा, ४०० तासांत वाया गेलेले किती? सिलिकॉन खरवडायचे ९. आधी हौसेने बसवलेलं कपाट भिंत उघडण्यासाठी काढायचे आणि परत लावायचे २२. चुकीचं सामान बदलून आणायच्या चकरा. विकत घेण्याआधी अर्धा तास मीटर घेऊन फिरला असता तर हा ट्रेलर एकतर घेतला नसता किंवा हजार-बाराशे कमी देऊन घेतला असता.

दुसऱ्या वेळी त्याने तेच केलं. सहा ट्रेलर बघितले, सहाही सोडले. ज्यांना आतून ताजा रंग होता तिथे तर दारातूनच परत फिरला. सातवा घेतला. मळकट, जुन्या पडद्यांचा, पण कोरडा. दोघांचे मिळून १६० तासांत काम झालं आणि या वेळी वहीत दोन रकाने होते. आता आसपासचे ओळखीचे लोक जुना ट्रेलर घेण्याआधी त्याला बघायला बोलावतात. त्याचे तो पैसे घेतो. सुरुवातीला संकोचत होता. मी म्हणालो, "अरे, ३२५ तास फी भरून शिकलायस. फुकट का द्यायचं?"

"सर, आपल्याकडे असं करता येईल का?"

हा प्रश्न येणारच. आपल्याकडे जुन्या गाडीचा कॅम्पर किंवा फूड व्हॅन करायचा विचार अनेकांच्या डोक्यात असतो. जरूर करा, पण वाहनाच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आधी आरटीओत विचारा, मंजुरीचं बघा, मग कटर लावा. गॅरेजवाला "सगळे करतात हो" म्हणतो, पण आरसी बुकवर नाव तुमचं असतं. कामाचा क्रम मात्र हाच. कागद, सांगाडा, पाणी, चाकं, वीज, गॅस आणि शेवटी रंग.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्यात डाग कुठे दिसतोय आणि भोक कुठे असू शकतं, हे एका कागदावर लिहा. विक्री कमी हा डाग असेल, तर भोक कदाचित उधारीत असेल किंवा उशिरा जाणाऱ्या मालात.

२. गेल्या वर्षभरात गळती न शोधता तुम्ही कुठे रंग मारला? नवीन बोर्ड, नवीन फर्निचर, नवीन लोगो? प्रामाणिकपणे लिहा.

३. सात दिवस घरातल्या प्रत्येकाचे तास लिहा. प्रत्येकाचे! रविवारी बेरीज करा आणि नफ्याला त्याने भागा. जो आकडा येईल तो घरी मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरा गृहपाठ अवघड आहे. मी स्वतः केला. माझ्या चॅनेलचं एडिटिंग, ईमेल आणि बॅचची नोंदणी माझी बायको बघते. तिचे आठवड्याचे तास निघाले एकवीस. माझ्या वहीत ते आजवर शून्य होते. या महिन्यापासून रकाना केलाय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मीटर लावा, मग ब्रश उचला!